एकवीस ताटं

अठरा पानं तेच वाक्य वाचून झाल्यावर एकोणिसाव्या पानाला दीनाला हसू फुटलं, आणि आस्थापना विभागातल्या नॅन्सीनं कीबोर्डवरून मान वर केली. "काय झालं ताई? नाव चुकलंय का?" नाव चुकलं नव्हतं. दीना प्रभुदास ओहोळ, तांत्रिक सहायक, ज्वारी पैदास विभाग. नाव एकोणीस वेळा बरोबर, हुद्दा एकोणीस वेळा तोच, आणि खाली विभागप्रमुख कल्याणसरांच्या उजवीकडे झुकलेल्या देखण्या अक्षरात, कधी निळ्या तर कधी काळ्या शाईत, एकोणीस वेळा: आज्ञाधारक. नेमून दिलेले काम करते. स्वतंत्र निर्णयाची कुवत नाही. बढतीसाठी शिफारस नाही. शाई बदलली होती, कागद बदलला होता, मध्येच कधीतरी विद्यापीठाचं बोधचिन्ह बदललं होतं. वाक्य बदललं नव्हतं. "जुने गोपनीय अहवाल सगळे स्कॅन केलेत," नॅन्सी सांगत होती, "नवा नियम आलाय, ज्याचे त्याला दिसले पाहिजेत. खाली 'पाहिले' म्हणून दाबा. आणि ताई, तुमचं यंदाचं स्वयंमूल्यांकन राहिलंय. दर वर्षी निरंक लिहिता तसं नका लिहू, सिस्टीम घेत नाही आता. काहीतरी केलेलं लिहावंच लागतं. साहेबांनाही तसंच. तुमच्या ओळीपुढं होय, नाहीतर नाही. कोरं सोडलं तर त्यांचं पानच मिटत नाही, आणि उघडं पान वर कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना दिसतं." दीनानं 'पाहिले' दाबलं. हसू मात्र थांबत नव्हतं, उचकीसारखं येतच होतं. नॅन्सीनं पाण्याची बाटली पुढे सरकवली. "रविवारी उपासनेनंतर देवळात भेटा, मग बोलू," ती खाली बघून म्हणाली. म्हणजे तिनं वाचलं होतं. ज्यानं ज्यानं पानं यंत्राखाली धरली त्यानं वाचलं होतं.

बाहेर डिसेंबरचं ऊन कोरडं ठणठणीत होतं. ती प्लॉटच्या दिशेनं चालायला लागली, कारण पायांना दुसरी दिशा माहीतच नव्हती. पंचवीस वर्षं हेच. सकाळी नगरच्या स्टँडवरून नेवाशाची बस, बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच, आणि फाट्यावर उतरून माळावरच्या या विद्यापीठाच्या कमानीपर्यंत चालत. एकवीस वर्षांची असताना रोजंदारीवर आली तेव्हा कमान नव्हती, नुसते दोन खांब होते. सहा वर्षांनी कायम झाली. बसमध्ये वाचून बाहेरून पदवी घेतली, बसमध्येच वाचून पदव्युत्तर. मग मुलाखती. संशोधन सहायकाच्या जागेसाठी पाच मुलाखती, पाचही वेळा तीच तपकिरी काठाची साडी, आणि पाचही वेळा नंतर व्हरांड्यात कल्याणसर, चष्मा काढून डोळे चोळत: "दीना, फार भांडलो गं तुझ्यासाठी. समितीनं ऐकलं नाही." आणि ती, ती काय म्हणायची? (हे आठवलं आणि कानाच्या पाळ्या पेटल्या.) ती म्हणायची, "जाऊ द्या सर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ती त्यांची समजूत काढायची! दर नाताळाला करंज्या, चकल्या, अनारसे, स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसमधून त्यांच्या बंगल्यावर. रिकामा डबा परत करू नये म्हणून सरांच्या घरच्या बाई तळाशी साखर घालून द्यायच्या, आणि ती साखर दीना जानेवारीभर चहात घालायची. असे एकोणीस जानेवारी. एवढ्या वर्षांचा तो गोडवा आत्ता, या क्षणी, घशाशी आला, आंबून.

रकाना ४. निरीक्षणशक्ती: साधारण.

साधारण. दोन हजार तीनचा रब्बी होता. पाऊस असा गेला होता की जमिनीला पडलेल्या भेगेत हात जायचा, आणि चारशे ओळींतली ज्वारी माना टाकून उभी होती. सर हैदराबादला परिषदेला गेलेले. दीना ओळीओळीतून फिरत होती, कुणी सांगितलं म्हणून नाही, राहवलं नाही म्हणून, आणि दोनशे बाराव्या ओळीत एक ताट असं उभं होतं की जणू त्याला दुष्काळ कुणी कळवलाच नव्हता. तिनं ओढणीची कड फाडून त्याला बांधली. रोज एक तांब्या पाणी स्वतःच्या वाट्यातलं घालावं असं वाटायचं, पण घातलं नाही, कारण मग परीक्षाच बुडाली असती. एवढी अक्कल होती साधारण निरीक्षणशक्तीला. सर परत आल्यावर तिनं त्यांना हाताला धरल्यासारखं तिथं नेलं. सात वर्षांनी त्या ताटाचा वाण झाला, त्याला सरांनी आपल्या मुलीचं नाव दिलं, सुकन्या, आणि पेपरात फोटो आला: सहा वर्षांची सुकन्या हातात सुकन्याचं कणीस धरून. मजकुरात सर म्हणाले होते, "त्या दुष्काळात मला एक ताट वेगळं दिसलं." दीनानं तो पेपर जपून ठेवला होता. आपल्या सरांचा फोटो म्हणून. मूर्ख, मूर्ख बाई.

प्लॉट दहा गुंठ्यांचा, विद्यापीठाच्या पार मागच्या कुंपणाला लागून. इथलं बी म्हणजे सुकन्याचं मूळ बी. यातून वाढवत वाढवत ते पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू रानांत जायचं. ज्वारी पोटरीतून निसवत होती, कणसं बाहेर डोकावत होती. आणि त्यांच्यात, दीनाला बांधावरूनच दिसलं, भेसळ. कुठून परागकण उडून येतात, कुठून परकं रक्त शिरतं, दर वर्षी ओळीत दोन-चार ताटं परकी निघतातच. दिसायला बहीणच. तेवढीच उंच, तसंच पान. फुलायच्या आत ती उपटली नाहीत तर त्यांचा पराग सगळ्या प्लॉटावर पडतो, आणि एका वर्षात नाही तरी दोन-तीन वर्षांत वाण मोडतो. पंधरा वर्षं दीना त्यांना उपटत आली होती. कशावरून ओळखतेस, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. चालीवरून जाऊ ओळखावी तसं. तिची आई रंगुबाई नेवाशाकडे लोकांच्या रानात खुरपायची. ती लहानग्या दीनाला बांधावर उभी करून म्हणायची, "उन्हाला पाठ दे आन् मंग बघ. कनसाला भुलू नको गं, कनीस समद्यांचं गोडच दिसतं. ताट उभं कसं ऱ्हातं त्ये बघ." विद्यापीठात ही विद्या कुठल्याच वहीत नव्हती. कामाच्या तक्त्यात पेरणी होती, खुरपणी होती, पाखरं राखणं होतं, काढणी होती. भेसळ काढणं नव्हतं. सरांच्या प्रत्येक निबंधात एकच वाक्य असायचं की सुकन्या हा अत्यंत स्थिर वाण आहे. स्थिर! घर झाडणारी बाई दिसत नसली की घर आपोआप स्वच्छ राहतं म्हणतात, तसा स्थिर.

"ताई, आज विळा न्हाई आनला?" गहिनीनाथ पाटाच्या कडेला बसून तंबाखू मळत होता. प्लॉटवरचा मजूर, साठीला आलेला, पाथर्डीकडचा. तरुणपणी दहा वर्षं उसाला कोयता घेऊन कोपरगावपर्यंत गेलेला आणि मग गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर इथं चिकटलेला. "ती बगा, चौथ्या वळीत, मान वाकडी करून उभी हाय. त्या पल्याड आनिक दोन. काढू का?"

"नको, गहिनीभाऊ."

"न्हाई म्हंजे? चार दिसांत फुलंल की ती."

"फुलू दे."

गहिनीनाथनं तंबाखूची चिमूट तोंडापाशी नेली आणि तशीच धरली. मग तो तिच्याकडे असा बघत राहिला, जसं ती भेसळीच्या ताटाकडे बघायची. "काय झालंय, ताई?" "काही नाही. नेमून दिलेलं नाही आपल्याला ते." तो हसला, "नेमून तर मला जेवायबी कुनी दिलं न्हाई, तरी जेवतुय न्हवं." ती हसली नाही.

चार-पाच दिवस. सोमवार होता, शनिवारी पहाटे ती ताटं फुलणार होती, आणि शुक्रवारी समिती येणार होती. सुकन्याची पुढच्या दहा वर्षांची मान्यता, आणि त्यावर बेतलेलं सरांचं संशोधन संचालकपद. समितीपुढचा खेळ ठरलेला होता, इतका जुना की त्याला आता कुणी खेळ म्हणत नव्हतं. दीना सगळी भेसळ आधीच काढायची, पण चार-पाच ताटं मुद्दाम ठेवायची. पाहुणे आले की सर ओळींतून चालायचे, दीना त्यांच्या दोन पावलं पुढे, खाली मान घालून. ठेवलेल्या ताटापाशी आली की ती थांबायची आणि पदर सारखा करायची. बस, एवढंच. सर त्या ताटावर बोट ठेवायचे, "हे बघा, हे आमचं नाही," आणि पाहुणे म्हणायचे, काय नजर आहे डॉक्टरांची! ती ताट उपटायची. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं? कुणीच नाही. पहिल्या वर्षी सर गोंधळून थांबले होते आणि तिला त्यांची दया आली होती. दयेतून सवय झाली. सवयीतून वाक्य झालं. आज्ञाधारक.

मंगळवारही तसाच गेला. रात्री खोलीवर नाताळचा तांदूळ भिजवायचा होता, अनारशाला, भिजवला नाही. बुधवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पेढ्यांचं खोकं आधीच येऊन पडलं होतं. "ये गं, बस. शुक्रवारचं लक्षात आहे ना? धारवाडच्या बाई आहेत समितीत, ज्वारीतल्या जुन्या. त्यांच्यासमोर जरा जास्त ठेव. नेहमीसारखंच."

"नेहमीसारखं म्हणजे काय, सर?"

"म्हणजे काय म्हणजे?" ते हसले. "पंधरा वर्षं करतेस की."

"लिहून द्याल का सर? काय करायचं ते?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग त्यांना कळलं. चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं, पडला नाही. उलट ते सैल होऊन मागे रेलले, जणू एक जुनं काम आज निकाली निघतंय. "अच्छा. अहवाल बघितलेस. अगं, त्या नॅन्सीला इतकी घाई कसली होती म्हणतो मी. हे बघ दीना, शांतपणे ऐक. तुला बढती मिळाली असती तर तुझी बदली झाली असती. नियम आहे. तू गेली असतीस टिश्यू कल्चरला, एसीत, बाटल्या मोजत. आणि सुकन्या राहिली असती का? खरं सांग. तुझ्यासारखी नजर आहे का या विद्यापीठात कुणाची? मी तुला राखलं, दीना. वाणासाठी राखलं. तुला अभिमान वाटायला पाहिजे." आणि मग, उठून, खोक्यातला पेढा तिच्या हातावर ठेवत, "तुम्हा लोकांतलं एक मला फार आवडतं बघ. मनात धरत नाही तुम्ही. क्षमा करता."

पेढा हातावर होता. दीना त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतके दिवस, इतकी वर्षं, तिला वाटत होतं की निदान त्यांना दिसत नाही. आंधळ्यावर काय रागवायचं? पण त्यांना दिसत होतं. साधारण लिहिताना माहीत होतं की साधारण नाही. कुवत नाही लिहिताना माहीत होतं की कुवत आहे, म्हणूनच लिहिलं होतं. बैल चांगला निघाला की लोक त्याला बाजार दाखवत नाहीत. साताच्या सत्तर वेळा क्षमा करा, असं लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. पुढचं आठवेना. केबिनबाहेर आल्यावर तिनं पेढा मुंग्यांच्या वारुळापाशी ठेवला, नीट, चुरा न करता. त्यांना तरी गोड लागो.

त्या संध्याकाळी प्लॉटवर तिनं गहिनीनाथला विचारलं, "तुझ्या भावानं गेल्या सालचं बी ठेवलंय का?"

"दोन पायल्या हाय की कणगीत. का वं?"

"येत्या रब्बीला तेच पेरायला सांग. विद्यापीठाची पिशवी घेऊ नका. गावातपण सांग. आणि भेसळ कशी वळखायची ते तुला येतंय थोडं, बाकीचं मी येऊन दाखवीन."

गहिनीनाथनं तंबाखूची गोळी गालात सरकवली. मग म्हणाला, "ताई, पोरगी तुमची हाय ती. तुमीच तिला…" आणि वाक्य त्यानं तंबाखूबरोबर थुंकून टाकलं.

पोरगी. दीनाला मूल नव्हतं, नवरा दोन वर्षांत निघून गेला होता, आणि हे कुणाला सांगायची वेळ आली की ती म्हणायची, कामात दिवस जातो. कसल्या कामात? तिच्या सगळ्या तिशीचं आणि चाळिशीचं काय झालं ते या दहा गुंठ्यांत उभं होतं. त्याला दुसऱ्याच्या मुलीचं नाव होतं. गुरुवारी ती ओळींतून हिंडली, उन्हाला पाठ देऊन. प्रत्येक परकं ताट दिसत होतं, इतकं स्पष्ट की डोळ्यांत कुसळ जावं. हात आपोआप बुडख्याकडे जायचा. ती तो मागे घ्यायची. हात परत जायचा. शेवटी तिनं दोन्ही हात पदराखाली बांधून घेतले आणि तशीच, हात नसलेल्या बाईसारखी, संध्याकाळपर्यंत फिरली. फिरता फिरता ती अस्सल ताटं निवडत होती. सगळ्यात अस्सल. दोनशे बाराची थेट लेकरं, ज्यांच्या उभं राहण्यात तिला अजून ती ओढणीची कड दिसायची.

शुक्रवार. तीन गाड्या, सात-आठ माणसं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. समितीत दोन पुरुष आणि धारवाडच्या बाई, सत्तरीच्या, डोक्यावर काथ्याची हॅट, पायात शाळकरी पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. सर बोलत होते. स्थिरता, दुष्काळ, दोन हजार तीन, मला एक ताट दिसलं. दीना दोन पावलं पुढे. पहिल्या ओळीत ती एका भेसळीवरून सरळ पुढे गेली, पदराला हातही न लावता, आणि पुढच्या अस्सल ताटापाशी थांबली. पदर सारखा केला.

"हे बघा," सर म्हणाले, "हे आमचं नाही."

दीनानं वाकून बुडखा धरला. सुकन्याचं मूळ कधी सहज सुटत नाही, खालून मातीचं एक ढेकूळ घट्ट धरून ठेवतं, मग कर्रकन आवाज येतो. आज्ञाधारक. आवाज आला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "क्या बात है." दुसरी ओळ. ती थांबली, पदर. "हेही." नेमून दिलेले काम करते. कर्रकन. हाताला सवयीनं वाटलं होतं की परकं ताट येईल. ओळखीचं आलं, आणि हाताची कातडी शहारली, कोपरापर्यंत. तिसरी, चौथी, सहावी. नेहमी चार-पाचवर थांबायचं. आज ती थांबली नाही. सरांनाही थांबायचं नव्हतं, धारवाडच्या बाई वहीत भराभर काही लिहीत होत्या आणि प्रत्येक बोटागणिक सरांचा आवाज चढत होता. "नजर लागते, मॅडम. पुस्तकातून येत नाही." "और यह?" "होय होय, तेही." बारावं. तेरावं. दीनाच्या तळहातांना चिरा पडल्या. तिला रडू येत नव्हतं. आत कुठंतरी एक फार जुनं, फार शांत सुख होतं, लहानपणी खपली काढताना असायचं तसं, आणि त्याला रक्ताचा वास येत होता. सतराव्या ओळीत ते ताट होतं, सरळ, दुष्काळ न कळवलेलं. तिच्या पायांनी पुढे जायचा प्रयत्न केला. तिनं त्यांना थांबवलं. पदर सारखा करायला हात वर जाईना, तर डाव्या हातानं उजवा उचलला. सरांनी बोट ठेवलं. स्वतंत्र निर्णयाची कुवत

उपटलं.

एकविसाव्या ताटानंतर धारवाडच्या बाई म्हणाल्या, "थांबा जरा." मराठी त्यांचं कानडी वळणाचं, तोलून तोलून येणारं. त्या बांधावर उकिडव्या बसल्या आणि उपटलेली ताटं एकापुढे एक मांडायला लागल्या, जेवायला पंगत बसवावी तशी. पान, शीर, पेर, कणसाची मान. एकवीसही सख्ख्या बहिणी. मग त्या उठल्या, प्लॉटात शिरल्या, आणि चौथ्या ओळीतल्या मान वाकड्या ताटापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्याचं पान त्यांनी उन्हात धरलं. पाठ उन्हाकडे होती, दीनानं बघितलं. कुणाची तरी आई त्यांनाही सांगून गेली असावी. "डॉक्टर," बाई म्हणाल्या, "काढलं ते सगळं एकच आहे. एकदम चांगलं आहे. ठेवलं हे काय आहे?"

पाटातल्या पाण्याचा आवाज अचानक मोठा झाला. कल्याणसर हसत होते. हसणं चेहऱ्यावर राहून गेलं होतं, वाळत घालून विसरलेल्या कपड्यासारखं. त्यांनी दीनाकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पहिल्यांदा बघितलं, म्हणजे खरंच, ती उभी कशी राहते हे.

बाई तिच्याजवळ आल्या. "किती वर्षं इथं?"

"पंचवीस, मॅडम."

"तुला कळत होतं?"

"मला साहेबांनी दाखवलेलं कळतं, मॅडम."

बाईंनी तिच्या तळहातांकडे बघितलं, मग वही मिटली. त्या नजरेत शाबासकी नव्हती. ज्यानं धान्य मातीत मिळवलं त्याच्याकडे बघतात तशी ती नजर होती, आणि दीनानं ती अंगावर घेतली, कारण ती तिचीच होती.

गाड्या गेल्यावर सर परत आले, एकटे, बुटांना चिखल. "तू मुद्दाम केलंस." "एकवीस… दीना, तू तुझ्या हातानं… मी तुझी चौकशी लावीन. नोकरी जाईल. मी लेखी देईन तसं."

"द्या ना, सर," दीना म्हणाली. "फक्त मुद्दाम केलं असं लिहायचं तर आधी मला ओळखता येतं असं लिहावं लागेल. ते कधी लिहिलं नाही तुम्ही."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग ते पंगतीतल्या एकवीस ताटांना वळसा घालून, एकाही ताटावर पाय पडू नये असं जपून, चालत गेले. हे तिला अपेक्षित नव्हतं, ते जपून चालणं. त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

शनिवारी पहाटे सुट्टी असून ती पहिल्या बसनं आली. परकी ताटं फुलली होती. पराग इतका बारीक उडत होता की दिसत नव्हता, फक्त बाहीवर पिवळी झाक येत होती. तिनं बाही झटकली नाही. गहिनीनाथ एकवीस ताटांची पेंढी बांधत होता. "गाईला न्हेऊ?" "ने." "लई गोड असतंय हे, ताई, सुकन्याचं कडवळ. ती लई दूद देईल." तो बोलत गेला, बोलतच गेला, तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून.

नऊ वाजता ती आस्थापना विभागात गेली. नॅन्सी अर्धा दिवस आली होती. तिनं न विचारता खुर्ची रिकामी केली आणि पाठमोरी होऊन फायली लावायला लागली. पडद्यावर रकाना होता: या वर्षात केलेले उल्लेखनीय काम. कर्सर उघडझाप करत होता. दीनाच्या चिरलेल्या बोटांना बटणं झोंबत होती, त्यामुळं तिनं हळूहळू टाइप केलं, एकेक अक्षर, पेरल्यासारखं:

समितीच्या भेटीत साहेबांनी भेसळ म्हणून दाखवलेली एकवीस ताटे उपटली. एकवीसही अस्सल सुकन्या होती. मला प्रत्येक ताट ओळखता येत होते. भेसळ उभी ठेवण्याचा आणि साहेबांना चुकीच्या ताटापाशी थांबवण्याचा निर्णय माझा, स्वतंत्र.

तिनं एकदा वाचलं. एक शब्दही खोडण्यासारखा नव्हता. 'सादर करा' दाबल्यावर पान क्षणभर पांढरं झालं, मग तिची ओळ परत आली, राखाडी, आता न बदलता येणारी, आणि तिच्यापुढे दोन छोटे चौकोन. त्यांवर लिहिलं होतं: प्रतिवेदन अधिकारी, डॉ. कल्याण. सहमत: होय. नाही.

"दोन्हींतलं एक दाबावंच लागतं ना गं?" तिनं विचारलं.

"लागतंच," नॅन्सी पाठमोरीच म्हणाली. "त्याशिवाय पान मिटत नाही."